कारण काय लिहायचं?

वकील मॅडमनी पहिल्या भेटीत पॅड पुढे ओढलं. लग्नाची तारीख लिहिली, मुलीचं वय लिहिलं, वेगळे कधीपासून राहतो ते लिहिलं. मग पेन कागदावर तसंच टेकवून ठेवून म्हणाल्या, “हं, आता कारण.”

मी गप्प बसले. तोवर हा प्रश्न मला चाळीस जणांनी तरी विचारला असेल आणि प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं होतं. आईला दिलेलं उत्तर दादाला दिलं असतं तर तो त्याच रात्री त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला असता. दादाला दिलेलं मावशीला दिलं असतं तर ती म्हणाली असती, “एवढंच? मग आम्ही तर केव्हाच सोडायला हवं होतं.” ऑफिसात ‘नाही जमलं’ एवढ्यावर भागवलं होतं.

तुम्हालाही कारण सांगणार नाहीये, हे आधीच सांगून टाकते. उगाच शेवटपर्यंत वाट बघू नका. लपवण्यासारखं काही नाही. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं, तिसरं कोणी नव्हतं. लोकांच्या डोक्यात घटस्फोटाचे हे तीनच खण असतात आणि आमचे तिन्ही रिकामे. जे होतं ते अकरा वर्षांत थोडं थोडं साचलेलं. त्यातली कुठलीही एक गोष्ट उचलून सांगितली की समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘बरं, पण खरं कारण काय?’ असं स्पष्ट दिसायचं.

जून २०२१ मध्ये मी मुलीला घेऊन बाहेर पडले. ती सात वर्षांची होती. शाळेपासून चालत जाता येईल अशा दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माहेरी गेले नाही याचा आईला राग आला. तिचंही बरोबर होतं. माहेरी आलेली मुलगी ‘चार दिवस राहायला आलीय’ म्हणून खपवता येते, अगदी वर्षभरसुद्धा. भाड्याच्या खोल्यांचं लोकांना काय सांगायचं?

दादाचा तोडगा तयार होता. “एक ४९८-अ टाक. आठ दिवसांत सरळ येतात की नाही बघ.” हे कलम तेव्हा भारतीय दंड संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ८५ झालंय. नवरा किंवा सासरची माणसं क्रूरतेने वागतात, त्यासाठीची ती फौजदारी तरतूद. ज्या बाईला ती खरोखर लागते तिच्यासाठी तो जीव वाचवणारा दरवाजा आहे. माझ्या सासूबाईंचं नाव मी त्यात कशासाठी घालायचं? वाटाघाटीत वजन पडावं म्हणून? मी नाही म्हटलं. दादाने त्याचा अर्थ ‘हिला अजून त्याचाच पुळका आहे’ असा लावला आणि आमचं बोलणं दोन महिने बंद पडलं. नवऱ्याशी काडीमोड व्हायला अजून दोन वर्षं होती, भावाशी अबोला आधीच झाला.

जानेवारी २०२२ मध्ये रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ९. बोलीभाषेत, नांदायला येण्याची नोटीस. ‘आपण कोणतेही सबळ कारण नसताना वैवाहिक घर सोडून गेला आहात.’ बघा, इथेही कारणच! नोटीस हातात धरून मी जिन्यातच बसले. ज्या माणसाने आदल्याच रविवारी मुलीला सोडायला आल्यावर माझ्या सिलिंडरचा रेग्युलेटर नीट बसवून दिला होता, त्याच्या नावाने हे ‘आपण’ वाचायचं म्हणजे कोणी परका त्याचे कपडे घालून आल्यासारखं वाटलं.

बाबा आमच्या घरात सगळ्यात कमी बोलणारे. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, होती तशी घडी घातली आणि म्हणाले, “१८८४ साली दादाजी भिकाजीने रखमाबाईंवर हाच दावा लावला होता. १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. बाई म्हणाल्या, कैद चालेल. पुढे डॉक्टर झाल्या. तू कागदाला घाबरू नकोस.” एवढं बोलून त्यांनी एक जुनी वही काढली, पानावर चार रकाने आखले आणि पहिल्या रकान्यात नोटिशीची तारीख लिहिली. ही वही पुढे माझ्या वकिलांच्या फायलीपेक्षा बिनचूक निघाली.

मॅडमनी नोटिशीचं गांभीर्य बरंच उतरवलं. आज असा हुकूम झाला तरी बाईला कोणी धरून नेत नाही की तुरुंगात टाकत नाही. मात्र हुकूम होऊनही वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, तर त्याच मुद्द्यावर दोघांपैकी कोणालाही घटस्फोट मागता येतो. म्हणजे ‘परत ये’ असं लिहिलेला कागद पुष्कळदा ‘सुटू या’च्याच रस्त्यावरचा असतो. मॅडम म्हणाल्या, “त्यांना त्यांच्या वकिलांनी सांगितलं असेल, आधी आपला कागद पडू दे.” आम्ही उत्तर दिलं. पुढे त्या बाजूने दावा काही आला नाही.

मग आमचा कागद तयार व्हायला लागला. एकाने मागायचा आणि दुसऱ्याने लढवायचा घटस्फोट कलम १३ खाली येतो आणि तिथे कारण लागतंच. व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, अशी यादीच आहे. ‘आता यात काही उरलेलं नाही’ हे त्या यादीत नाही. आमच्यासाठी मॅडमनी क्रूरता धरली, त्यातही मानसिक. मी तीन भेटींत जे जे बोलले होते त्याचा तेवीस पानी मसुदा आला.

तो मी रात्री मुलगी झोपल्यावर वाचला. परिच्छेद १४ मला अजून पाठ आहे. ‘अर्जदार तीव्र तापाने आजारी असताना सामनेवाला मध्यरात्री तिला एकटीला टाकून घराबाहेर निघून गेला व त्याने तिला अमानुष वागणूक दिली.’ त्या रात्री तो बाहेर गेला होता हे खरं. औषध आणायला गेला होता, हेही खरं. वाटेत मित्राकडे थांबला आणि दोन तासांनी उगवला, हेही खरं. मी मॅडमना सांगताना पहिलं आणि तिसरं सांगितलं होतं, मधलं गिळलं होतं. गिळलं होतं हे मला तेव्हा कळलंसुद्धा नव्हतं. उलटतपासात त्याचा वकील एकच प्रश्न विचारणार, ‘औषध कोणी आणलं?’ आणि मला उत्तर द्यावं लागणार.

दुसऱ्या दिवशी मी मसुदा परत केला. मॅडम चिडल्या नाहीत. “मग १३-ब,” म्हणाल्या. “पण त्याला दोघं लागतात.”

संमतीने घटस्फोट घेण्याचं हे कलम १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. अर्जात तीन गोष्टी सांगायच्या: आम्ही वर्षभर किंवा जास्त काळ वेगळे राहतोय, एकत्र राहणं आम्हाला जमलेलं नाही, आणि लग्न संपवायचं असं दोघांनी मिळून ठरवलंय. बस. पुढे कारणाचा रकानाच नाही. मला ते वाचून इतकं हलकं वाटलं की मी मॅडमना परत विचारलं, “म्हणजे का जमलं नाही ते लिहायचंच नाही?” त्या म्हणाल्या, “फार तर ‘स्वभाव जुळले नाहीत’ असं एक वाक्य टाकते. ते कोणी वाचत नाही.”

घरी मात्र कोणाला हे रुचेना. आई म्हणाली, “असं कसं? चूक त्याची आहे असं कुठेच लिहिणार नाहीत? मग लोक तुझीच म्हणतील.” तिला निकालपत्र हवं होतं, माझी बाजू खरी असल्याचा शिक्का मारलेलं. तो मिळावा म्हणून कितीतरी जण वर्षानुवर्षं भांडत राहतात, असं मला पुढे कोर्टाच्या व्हरांड्यात बसून बसून वाटायला लागलं.

मी त्याला मेसेज केला. तीन दिवसांनी उत्तर आलं, ‘बोलू.’

बोलणी सप्टेंबर ते डिसेंबर २०२२ अशी चालली. त्याच्याबरोबर ताई यायच्या, म्हणजे त्याची थोरली बहीण. माझ्याबरोबर बाबा. पहिल्या बैठकीत दादा येतो म्हणाला, त्याला मी नको म्हटलं, पुन्हा अबोला. बैठकीत लग्नाबद्दल कोणी बोलायचं नाही, फक्त पुढचं बोलायचं, असा मॅडमचा नियम. तो चार वेळा मोडला. त्यात तीन वेळा मीच मोडला.

बोलण्याआधी मॅडमनी दोघांकडूनही मिळकत आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र भरून घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांसाठी त्याचा नमुनाच घालून दिलाय. पगार, खाती, विमा, कर्ज, अंगावरचं सोनं, महिन्याचा खर्च, सगळं त्यात येतं. आमची काही पोटगीची लढाई नव्हती, पण मॅडम म्हणाल्या, अंदाजावर केलेली तडजोड टिकत नाही. त्याचे कागद वाचताना मला एक वैयक्तिक कर्ज दिसलं, २०१९ चं. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी काढलेलं. मला त्याने तेव्हा सांगितलं होतं की सगळं विम्यातून झालं. एका घरात, एका टेबलावर दोघांच्या पगाराचा हिशेब करून आम्ही महिना काढत होतो आणि हे मला तीन वर्षांनी प्रतिज्ञापत्रातून कळलं. मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता.

माझ्यासाठी मी पोटगी मागितली नाही. माझी नोकरी आहे. मुलीचीही सोडून देते, असं मी एका रागाच्या भरात म्हटलं तेव्हा मॅडमनी पेन खाली ठेवलं. “ती तुमची नाही. मुलीचा हक्क मुलीचा. आईला तो सोडता येत नाही.” तेव्हा तिचा महिन्याचा खर्च आणि शाळेची फी यांचं गणित मांडलं गेलं.

ताब्याबद्दल आमच्याकडे सगळ्यांचं ठाम मत होतं की मूल आईकडेच जातं. तसं नाहीये. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं म्हणतो. आमची मुलगी तोवर आठ वर्षांची झाली होती. तिथून पुढे मुलाचं हित काय एवढंच बघितलं जातं, आणि आई असण्याने मी आपोआप जिंकत नव्हते. हे कळल्यावर माझा बराच ताठा गेला. ताबा माझ्याकडे, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी साडेदहा ते रविवारी संध्याकाळी सहा ती तिच्या बाबाकडे, सुट्ट्या निम्म्या-निम्म्या, पासपोर्टला दोघांच्या सह्या. बुधवारच्या एका तासाच्या फोनवरून आम्ही एक अख्खी बैठक वाया घालवली. घर कोणाकडे जाणार हा विषय वीस मिनिटांत मिटला आणि बुधवारला अडीच तास लागले!

घर मिटलं असं मला वाटलं, तेवढंच. फ्लॅट दोघांच्या नावे, कर्ज दोघांच्या नावे. मी हक्कसोडपत्र नोंदवून देणार आणि तो पुढचे हप्ते भरणार, असं ठरलं. बँकेला मात्र आमच्या ठरण्याशी काही देणंघेणं नव्हतं. कर्जदार म्हणून सही केली आहे, तेव्हा बँकेने लेखी मोकळं करेपर्यंत मी कर्जदारच. कोर्टाच्या कागदात काहीही लिहिलेलं असो, त्याने हप्ता चुकवला तर फोन मला येणार. बँकेला आता त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज पुन्हा तपासायचं होतं, आणि त्या पगारात ऑपरेशनच्या कर्जाचा हप्ता होता. हे गाडं मग सहा महिने अडलं.

शेवटच्या बैठकीत दागिने निघाले. आईने रात्र जागून यादी केली होती, तीन पानी, कोणी कधी काय दिलं त्यासकट. त्यात सासूबाईंनी लग्नात घातलेल्या पाटल्या होत्या. कायद्याने त्याही माझ्याच. सासरकडून बाईला मिळालेली भेटही स्त्रीधनच असते. मला त्या परत द्यायच्या होत्या. ताईंनी तिथूनच फोन लावला, दोन मिनिटं बोलल्या आणि फोन ठेवून म्हणाल्या, “आई म्हणते, त्या नातीच्या. परत आणल्यास तर माझ्याशी बोलू नकोस, असा निरोप आहे तुला.” मसुद्यात कलम ११ वाढलं: पाटल्या मुलीच्या, ती सज्ञान होईपर्यंत माझ्याकडे.

जानेवारी २०२३ मध्ये दोघांनी मिळून अर्ज दाखल केला. बाबांनी प्रकरणाचा सोळा अक्षर-आकड्यांचा क्रमांक वहीत उतरवला आणि ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये घालून रोज बघायला लागले. तारीख महिन्यावर असली तरी रोज.

कौटुंबिक न्यायालयाबद्दल मला दोन गोष्टी माहीत नव्हत्या. एक म्हणजे १९८४ च्या कायद्याने इथे वकील हा तुमचा हक्क नाही. न्यायाधीश थेट तुमच्याशी बोलतात, तुम्हीच उत्तरं द्यायची. मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या आणि मी पहिल्या तारखेला प्रत्येक प्रश्नाला मागे वळून बघत होते, तोंडी परीक्षेला बसलेल्या पोरासारखी. दुसरी गोष्ट, दोघांपैकी एकाने मागितलं तर सुनावणी बंद दाराआड होते. आम्ही मागितली नाही. आमच्या प्रकरणात ऐकण्यासारखं होतंच काय?

बाकी कोर्ट म्हणजे वाट बघणं. बोर्डावर आपला नंबर चौतिसावा, पुकारा कधी होईल ते कोणी सांगत नाही, आणि नेमकं पाणी प्यायला जावं तेव्हा होतो. व्हरांड्यातल्या बाकावर नवरा-बायको एकमेकांपासून किती अंतरावर बसलेत यावरून प्रकरण लढायचं आहे की संमतीचं, हे मला तिसऱ्या तारखेपासून ओळखता यायला लागलं. आमच्यामध्ये एका दप्तराची जागा असायची.

तडजोडीचा प्रयत्न करणं हे या न्यायालयाचं कामच आहे, म्हणून आधी समुपदेशकाकडे पाठवलं. मी दात आवळूनच आत गेले. त्या बाईंनी कारण विचारलं नाही. “एकत्र राहण्याची काही शक्यता वाटते?” एवढंच दोघांना वेगवेगळं विचारलं आणि आमची उत्तरं तशीच लिहून घेतली. मग म्हणाल्या, “मुलीला घेऊन या एकदा.”

मुलगी आत वीस मिनिटं होती. बाहेर आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो होतो. ती आली ती खुशीत. “त्यांनी विचारलं, सोमवारचं दप्तर कुठे भरते. मी सांगितलं, आईकडे. पण कंपासपेटी बाबाकडेच राहते, मग सोमवारी बाई ओरडतात.” आम्ही दोघांनी एकदमच, “मग सांगायचं नाही का?” म्हटलं आणि गप्प झालो. तिने सांगितलं नव्हतं, कारण कंपासपेटी आणायची म्हटलं की आम्हाला एकमेकांना फोन करावा लागला असता. समुपदेशक बाईंनी अटींत एकच बदल सुचवला: रविवारी संध्याकाळी सोडण्याऐवजी बाबाने सोमवारी सकाळी तिला थेट शाळेत सोडावं. म्हणजे जिन्यातली देवाणघेवाण निम्मी कमी. चार महिने दोन वकील आणि चार मोठी माणसं बसली होती, पण हे कोणाला सुचलं नव्हतं. त्याच संध्याकाळी दुसरी कंपासपेटी घेतली.

पहिल्या जबाबानंतर कायदा सहा महिने थांबायला लावतो. अर्जापासून सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी परत येऊन ‘हो, आमचं तेच म्हणणं आहे’ असं सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात सांगितलंय की ही मुदत माफ होऊ शकते. अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालं असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलं असेल तर. आमचे एकोणीस महिने झाले होते. पण ‘सगळं मिटलंय’ असं शपथेवर कसं लिहायचं? बँक अजून हलत नव्हती. मॅडम म्हणाल्या, “थांबा. घाईने सुटाल आणि कर्जात अडकून राहाल.” थांबलो.

या सहा महिन्यांनी माझा जितका जीव खाल्ला तितका आधीच्या दीड वर्षाने खाल्ला नव्हता. कारण संमती हुकूम होईपर्यंत कधीही मागे घेता येते, १९९१ पासून सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. त्याच्या एखाद्या मेसेजला उशीर झाला की मला वाटायचं, फिरला. त्यालाही माझ्याबद्दल तसंच वाटत होतं, हे ताईंनी नंतर सांगितलं.

मे महिन्यात काकांचा सकाळी सातला फोन. “अगं, पेपर वाचलास का? सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांची अट काढून टाकली! उद्याच्या उद्या मोकळी होशील.” १ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल, शिल्पा शैलेश. सावरता येणार नाही इतकं लग्न मोडलं असेल, तर सर्वोच्च न्यायालय घटनेच्या कलम १४२ खालचे आपले खास अधिकार वापरून ते संपवू शकतं, मुदतही माफ करू शकतं. पण ते अधिकार त्या एकाच न्यायालयाचे. आमच्या कोर्टाला ते नाहीत, आणि सरळ तिथे जाऊन असा अर्ज करता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. काकांना हे समजावताना ऑफिसला उशीर झाला. शेवटी ते म्हणाले, “ते ठीक. पण मला एक सांग, नक्की कारण काय झालं होतं?”

आणि जूनमध्ये अहो आईंचा फोन आला. आमच्याकडे दोन आया. माहेरची ‘अगं आई’, सासरची ‘अहो आई’. अर्ज केल्यापासून मी त्यांना हाकच मारली नव्हती. मुलीला फोन देताना ‘आजीचा आहे गं’ म्हणून मोकळी व्हायचे. त्या दिवशी मुलगी खाली खेळायला गेली होती.

“आहेस का गं?”

“हो, बोला ना.”

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, “मी काही विचारणार नव्हते. त्यानेही काही सांगितलं नाही. एवढंच सांग, माझं काही चुकलं होतं का? म्हणजे मी तिथे राहायला आले, ऑपरेशननंतर, तेव्हापासून...”

चाळीस जणांना दिलेल्या चाळीस उत्तरांपैकी एकही इथे चालणारं नव्हतं. “नाही हो, अहो आई,” मी म्हटलं. ‘अहो’ दोनदा आलं ते मलाही ऐकू आलं. त्या हसल्या की रडल्या ते फोनवर कळलं नाही. “बरं,” म्हणाल्या, “पाटल्या लॉकरमध्ये ठेव. घरात नको.”

बँकेचं पत्र जुलैच्या शेवटी आलं. ऑगस्टमध्ये दुसरा जबाब झाला, तो सगळा मिळून सात मिनिटांचा. न्यायाधीशांनी दोघांना आळीपाळीने विचारलं: अटी वाचल्या का, समजल्या का, कोणाचा दबाव आहे का, परत विचार करायचा आहे का. मी चारही उत्तरं मागे न बघता दिली. त्यांनी मुलीची इयत्ता विचारली, हुकूम सांगितला आणि पुढचा पुकारा झाला. बाहेर आल्यावर मॅडमनी दोघांशी हात मिळवला. काय बोलायचं ते कोणालाच कळेना, तेव्हा त्याने पार्किंगचं विचारलं.

नक्कल मिळायला तीन आठवडे गेले. ती घरी आल्यावर बाबांनी चष्मा लावून, शब्दावर बोट ठेवत वाचायला घेतली आणि दुसऱ्या पानावर थांबले. “हे काय?” मुलीचं जन्मसाल २०१४ ऐवजी २००४ पडलं होतं. आमचं लग्न २०१० चं. कोर्टाच्या शिक्क्यानिशी आमची मुलगी आमच्या लग्नाच्या सहा वर्षं आधी जन्मली होती. पासपोर्ट, शाळा, सगळीकडे हाच कागद लागणार, त्यामुळे सोडून देता येईना. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५२ अशा चुका दुरुस्त करायला आहे. अर्ज करायचा, दुसऱ्या बाजूची हरकत नसेल तर लवकर होतं.

तेव्हा घटस्फोटानंतर महिनाभराने आम्ही दोघं परत त्याच बाकावर, मध्ये दप्तराएवढी जागा ठेवून. मॅडम दुसऱ्या कोर्टात होत्या. त्यांच्या कारकुनाने अर्जाचा कागद आणि पेन आमच्या हातात दिलं. “हे भरून ठेवा, मी तिकीट लावून आणतो.” माझं अक्षर वाईट म्हणून लिहायला त्याने घेतलं. प्रकरण क्रमांक बाबांनी पाठ म्हणून दाखवला. चुकीचा मजकूर, बरोबर मजकूर. मग त्याचं पेन थांबलं.

“दुरुस्तीचं कारण विचारलंय. काय लिहू?”

मी त्याच्याकडे बघितलं. तो खरंच विचारत होता. मग आमच्या दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं आणि इतकं हसू फुटलं की शिपाई दारातून डोकावून ‘शांत बसा’ म्हणाला. बाबा वहीत बघत राहिले.

‘टंकलेखनातील चूक,’ त्याने लिहिलं. खाली त्याने सही केली, त्याच्याखाली मी केली.